समुद्रावरचा वारा मोजून आमच्या पऱ्हाटीला काय?

कोरडवाहू (आर्णी):
गेल्या मृगात दोन सरींवर भरवसा ठेवून टोबलेली सरकी वाळली आणि दुबार पेरणी करावी लागली. आमच्या महसूल मंडळाचे पर्जन्यमापक माझ्या धुऱ्यापासून अकरा किलोमीटर दूर आहे. तिथे पडलेला पाऊस माझ्या वावरातही पडला असे धरले जाते. अशा वेळी उपग्रहावर मायक्रोवेव्ह रेडिओमीटर, म्हणजे खालून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी नुसत्या टिपणारे यंत्र, चढवून समुद्रावरचा वारा मोजण्याला प्राधान्य द्यावे, हे मला पटत नाही. हे यंत्र जमिनीवरचा वारा मोजूच शकत नाही, किनाऱ्याजवळ फसते आणि जोराच्या पावसात त्याचे आकडे टाकून द्यावे लागतात.

मास्तर (पुसद):
भाऊ, दोष आपण बरोबर सांगितले, निष्कर्ष मात्र चुकला. गावतलावाचे पाणी सकाळी निवांत असते तेव्हा काठची बाभूळ त्यात जशीच्या तशी दिसते आणि वारा सुटला की ते प्रतिबिंब मोडते. शांत समुद्रही असाच वरच्या थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो व स्वतः मायक्रोवेव्ह लहरी कमी सोडतो. वाऱ्याने पृष्ठभाग खडबडीत झाला, विशेषतः फेस आला, की तेच पाणी रेडिओमीटरला अधिक उष्ण भासते आणि त्या वाढीवरून वाऱ्याचा वेग काढतात. १९८७ पासून अमेरिकी उपग्रहांवरील अशी यंत्रे एका फेरीत सुमारे १,४०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहू लागली. त्याच फेरीत, २२ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या आसपासच्या लहरींच्या नोंदींवरून, हवेतली वाफही कळते. म्हणजे सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा जोरकस वारा भारताकडे किती वाफ लोटतो आहे, याचा अंदाज एकाच नजरेत बांधता येतो.

कोरडवाहू:
वेग कळला, दिशा कुठे कळली? ती स्कॅटरोमीटर देतो, जो स्वतः लहरी सोडून त्यांचा परतावा मोजतो, आणि तो २००९ च्या ओशनसॅट-२ वर आपल्याकडे होताच. मग एकाच वाऱ्यासाठी दोन यंत्रे कशाला?

मास्तर:
२००३ मध्ये गेलेल्या विंडसॅट रेडिओमीटरने लहरींच्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे त्या कोणत्या दिशेत कंप पावतात याचे, बारकावे मोजून दिशाही दिली. शिवाय चक्रीवादळातल्या वाऱ्यात स्कॅटरोमीटरचा प्रतिसाद मंदावतो, तर २००९ चा स्मॉस आणि २०१५ चा स्मॅप हे रेडिओमीटर असलेले उपग्रह सुमारे २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी टिपतात. त्यांना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत आणि फेस वाढेल तसा वाढता वेग त्यांना कळत राहतो.

सोयाबीनवाली (हिंगणघाट):
मास्तर, हे सगळे मान्य. पण अतिवृष्टीचा ६५ मिलिमीटरचा निकष मंडळाच्या पर्जन्यमापकावरच ठरतो, हेही विसरू नका.

कोरडवाहू:
ताई, माझे दुखणे तेच आहे. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा इकडे सरकला की आमच्याकडे झड लागते, तेवढ्यापुरता मी माघार घेतो. पेरणी चार दिवस थांबवावी की नाही, हे या मोजणीमुळे थोडे आधी कळत असेल तर वारा जरूर मोजावा. गावात पर्जन्यमापक बसवण्याचा अर्ज मात्र मी सोमवारी तहसीलमध्ये देणार आहे.