मदत हवी आहे: भरतीचं काम बघणाऱ्यांचीच चाचणी घ्यायची तर पेपर कसा काढावा?

आस्थापना_मुंबई:

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एका सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत आहे. आमच्याकडे सरळसेवा भरती येऊ घातलीये आणि नवीन आलेल्या मॅडमनी सांगितलंय की यावेळी भरतीच्या कामात जे जे असतील, म्हणजे बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं याचं रजिस्टर) लिहिणारे, मागणीपत्र नि जाहिरात तयार करणारे, छाननी आणि कागदपत्र पडताळणीला बसणारे, त्या सगळ्यांची आधी चाचणी घ्यायची आणि पास होईल त्यालाच त्या टेबलावर बसवायचं. पेपर काढायचं काम माझ्याकडे आलंय.

कल्पना मला मनापासून पटलीये. उमेदवार टीसीएस नाहीतर आयबीपीएसच्या सेंटरवर जाऊन अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी जीव काढतात, आणि त्यांचा अर्ज ठेवायचा की बाद करायचा हे ठरवणाऱ्याला नियम माहीत आहेत का हे कोणी कधी विचारतच नाही. मागच्या भरतीत पडताळणीला जालन्याहून रात्रभर प्रवास करून एक मुलगी आली होती, खुल्या प्रवर्गातली, महिलांच्या राखीव जागेवर लागलेली. टेबलावरच्या माणसाने तिच्याकडे नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला) मागितलं. खुल्या प्रवर्गातल्या महिलांसाठी ती अट ४ मे २०२३ च्या जीआरने काढून टाकलीये, पण त्याच्या टेबलाच्या काचेखाली त्याआधीची चेकलिस्ट होती आणि तो त्यातल्या ओळीवर बोट ठेवून तिला वाचून दाखवत होता. ती मुलगी फाइल छातीशी धरून नुसती उभी होती. शेजारच्या टेबलावरचे एक जण मध्ये बोलले म्हणून निभावलं, नाहीतर ती तशीच परत गेली असती आणि शेरा पडला असता "कागदपत्र अपूर्ण".

आता अडचण. सहकाऱ्यांनी जे प्रश्न काढून दिलेत ते असे की, राज्याचा आरक्षण अधिनियम कोणत्या सालचा, विमुक्त जातींना किती टक्के, महिलांना किती टक्के. २००१, ३ टक्के, ३० टक्के. हे पाठ असलेला माणूससुद्धा निवड यादी चुकीची लावू शकतो हो! म्हणून मी एक प्रश्न असा केलाय: खुल्या प्रवर्गाच्या १० जागा, त्यातल्या ३ महिलांसाठी. गुणवत्तेने पहिल्या दहात २ महिला आधीच आल्यात, त्यातली एक ओबीसी, पण तिने कसलीही सवलत घेतलेली नाही. आता अजून किती महिला घ्यायच्या आणि कोणत्या प्रवर्गातल्या? शाखेत सहज विचारून बघितलं तर बहुतेक जण "तीन, आणि खुल्यातल्याच" म्हणाले.

तर मला विचारायचंय, असे प्रत्यक्ष फाइलवर येणारे प्रश्न तुमच्याकडे आहेत का, पेपरला जीआर सोबत ठेवू द्यावेत की नाही, आणि नापास होतील त्यांचं काय करायचं? कारण शाखेत आत्ताच कुजबुज सुरू झालीये की हे आमचे सीआर (गोपनीय अहवाल) बिघडवायला चाललंय.

निवृत्त_कक्षअधिकारी:

ताई, पहिल्यांदा तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहितो म्हणजे वाचणाऱ्यांचा गोंधळ नको. अजून फक्त एक. समांतर आरक्षणात (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच महिला, माजी सैनिक, दिव्यांग यांच्यासाठी ठेवलेल्या जागा) गुणवत्तेने आलेल्या महिला आधी मोजायच्या असतात, राजेशकुमार दारिया प्रकरणात २००७ ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. आणि ती एक जागा उरलेल्यांत सगळ्यात जास्त मार्क असलेल्या महिलेला, मग ती कुठल्याही प्रवर्गातली असो, कारण खुला म्हणजे सगळ्यांना खुला. हे सौरव यादव निकालात, डिसेंबर २०२०. दहातला शेवटचा पुरुष खाली सरकतो. आपल्याकडे १३ ऑगस्ट २०१४ चं परिपत्रक आणि १९ डिसेंबर २०१८ चं शुद्धिपत्रक, दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायची, नुसतं २०१४ चं वाचलं की हमखास घोळ होतो.

जीआर जरूर ठेवू द्या, उलट शासनाच्या साइटवरून शोधूनच काढायला लावा. नोकरीत पाठांतरावर कोण निर्णय घेतं? माणूस सगळ्यात शेवटचा जीआर शोधतो की कपाटातला हाताला लागेल तो लावतो, हेच तर बघायचंय. मराठा आरक्षणाचंच बघा, २०१८ ला १६ टक्के, २०१९ मध्ये हायकोर्टाने नोकरीसाठी १३ वर आणलं, २०२१ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, २०२४ ला पुन्हा नवीन कायदा १० टक्क्यांचा. एकदा शिकून पाच वर्षं निर्धास्त राहिलेल्या माणसाने जाहिरात काढली तर ती कोर्टात जाणारच.

दोन प्रश्न माझ्याकडून घ्या. एक, संवर्गात मंजूर पद एकच आहे, त्यावर आरक्षण लावायचं का? (नाही, एकाकी पद, घटनापीठाचा १९९८ चा निकाल आहे.) दुसरा, सगळे बिंदू, म्हणजे नामावलीतल्या जागा, भरलेत आणि अनुसूचित जमातीच्या बिंदूवरचा कर्मचारी निवृत्त झाला, ती जागा कोणाची? अनुसूचित जमातीचीच, सभरवाल निकाल, १९९५. कोकण भवनला मावककडे (मागासवर्ग कक्षाकडे) रजिस्टर तपासायला गेलं की यातच त्रुटी निघतात.

ठाणेकर_लिपिक:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मला आस्थापनेचा चार्ज मिळाला तेव्हा मागच्याने चावी दिली, रजिस्टर दाखवलं आणि संध्याकाळची लोकल पकडून गेला, संपलं. ट्रेनिंगचं नाव नाही. मागची जाहिरात उघडायची, तारखा बदलायच्या आणि पुढे सही करायला ठेवायची हेच सगळे शिकतात. आधी चार दिवस कोणीतरी बसवून शिकवा, मग परीक्षा घ्या. आणि चाचणी खाली कारकुनांपुरती ठेवलीत तर कोणी मनावर घेणार नाही, निवड यादीवर सही करणाऱ्या साहेबांनाही तोच पेपर द्या.

परदेशी_एचआर:

अमेरिकेच्या केंद्र सरकारात असं आहे. तिथे ओपीएम म्हणून कार्मिक खातं आहे, ते भरतीचे अधिकार वेगवेगळ्या खात्यांना देतं, पण त्या अधिकारात काम करणाऱ्या एचआरवाल्यांना चाचणी पास होऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि ते दर ३ वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. मुदत असणं हे मला महत्त्वाचं वाटतं.

आस्थापना_मुंबई:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काका, तुमचे दोन्ही प्रश्न घेतले. पेपर जीआर शोधून सोडवायचाच ठेवते आणि प्रत्येक उत्तराखाली कुठल्या तारखेच्या जीआरवरून हे लिहिलं ते लिहायला लावते, त्याला वेगळे मार्क.

ठाणेकर, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मॅडमकडे आज टिपणी ठेवली की आधी वर्ग, मग चाचणी, पडताळणी समितीतल्या अधिकाऱ्यांसकट. निकालाचा सीआरशी संबंध नसेल हे लेखी द्या असंही त्यात टाकलंय. नापास झालेला पुन्हा बसेल, तोपर्यंत पडताळणीत एकटा निर्णय घेणार नाही, जोडीला पास झालेला माणूस राहील. तीन वर्षांची मुदत मात्र आपल्याकडे फार लांब होईल असं वाटतं, मी प्रत्येक जाहिरातीच्या आधी असं सुचवलंय.

आता एकच राहिलंय. माजी सैनिक आणि दिव्यांग यांच्या जागा मोजण्यावर माझ्याकडे चांगला प्रश्न नाहीये, विशेषतः दिव्यांगांचे ४ टक्के प्रकारानुसार कसे वाटायचे त्यावर. कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर नावं-गावं काढून इथे टाका, शुक्रवारी मॅडमना पेपर दाखवायचाय.