उन्हाळी इंटर्नशिप: दैनिकात की पीआर (जनसंपर्क) एजन्सीत? (नाशिक)

प्रश्न: एसवायबीए, मास कम्युनिकेशन. मे-जूनमध्ये नाशिकमध्येच इंटर्नशिप करायचीय. अर्ज कधी, कसा करू?

उत्तर १: मार्चमध्येच करा. परीक्षा संपल्यावर गेलात तर जागा भरलेल्या असतात. एचआरला मेल टाकून वाट बघत बसू नका, थेट दैनिकाच्या आवृत्तीप्रमुखांना भेटा. दुपारी जा, संध्याकाळी पानं लागत असतात, तेव्हा कोणी मान वर करत नाही. सोबत कॉलेजचं पत्र आणि दीडशे शब्दांच्या तीन बातम्या. कविता नकोत!

उत्तर २: बातम्या आकड्यांच्या असू द्या. लासलगावचा कांदा घ्या: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, सगळे प्रतिक्विंटल. नवखे हमखास कमाल दराचा मथळा करतात. तो दर एखाद्या ट्रॉलीलाच मिळालेला असतो. बाजार सांगतो तो सर्वसाधारण दर. गंगापूर धरणाचंही तसंच. साठा दलघफूमध्ये (दशलक्ष घनफूट), विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट). 'धरणात इतके क्युसेक पाणी' लिहिलंत की उपसंपादक कागद परत देणार.

उत्तर ३: टायपिंग इनस्क्रिप्टवर (युनिकोडचा प्रमाण मराठी कीबोर्ड) शिका. काही ठिकाणी अजून श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. त्यातला मजकूर थेट वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांचा चिवडा होतो. कन्व्हर्टरमधून काढल्यावरही जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा.

पीआरमध्ये प्रेसनोट लिहायला शिकाल, पण बातमी शोधायला नाही. पहिली इंटर्नशिप दैनिकातच करा. मानधन, बायलाइन (बातमीवर तुमचं नाव) आणि अनुभवपत्राचं मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या.