शब्दचर्चा : हक्क, अधिकार आणि मुभा

रामबाग, इंदूर
भाचीला कॉलेजच्या निबंधासाठी 'जागतिकीकरण, आर्थिक स्वातंत्र्य आणि मानवाधिकार' हा मथळा चांगल्या मराठीत हवाय. मी 'मानवी हक्क' सुचवलं, तर म्हणाली, "मावशी, हक्क म्हणजे भांडून घ्यायची गोष्ट. अधिकारच बरा." आपल्या कानावर दिवसभर हिंदी. हा 'अधिकार' तिकडून आलाय का?

लोकमान्य नगर
मराठीतही चालतो ताई, 'माहितीचा अधिकार' रूढच आहे. पण संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहेत, हिंदीत 'मूल अधिकार'. मराठीत अधिकार बहुधा पदाला चिकटतो: अधिकारी, अधिकारवाणी. हक्क माणसाला: हक्काचं घर, हक्काचा माणूस. कष्टाच्या पगाराला 'अधिकाराचे पैसे' कोणी म्हणतं का? 'मानवी हक्क'च ठेवा. त्यात भांडण ऐकू येत असेल तर येऊ द्या, हक्क तसेच मिळालेत.

सुदामा नगर
मला 'आर्थिक स्वातंत्र्य' जास्त अडतं. ते वाचून आधी स्वतः कमावणारी बाई डोळ्यांपुढे येते. इथे अर्थ धंद्याच्या मोकळिकीचा आहे. त्यातही दोन पदर आहेत. हवा तो पेशा किंवा व्यापार करणं हा संविधानाच्या कलम १९ मधला हक्क. वाजवी निर्बंध आहेत, पण तो डावलला तर कोर्टात जाता येतं. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचे परवाने गेले, पुढे आयातशुल्क उतरलं, ती मुभा. मुभा देणारा ती काढूनही घेऊ शकतो. म्हणून 'व्यापाराची मुभा' आणि 'मानवी हक्क' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात योग्य मोबदला आणि कामगार संघटना हेही मानवी हक्क आहेत, हे भाचीला जरूर सांगा.

रामबाग
सांगितलं. तिनेच इथल्या हुकुमचंद मिलचं, म्हणजे कापड गिरणीचं, उदाहरण काढलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद झाली. (जागतिकीकरणाने झाली असं नाही, गिरण्यांना घरघर आधीच लागली होती.) कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी सुटले डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर कितीतरी जण गेले होते. ते पैसे देण्याच्या कार्यक्रमाचं नाव होतं 'मजदूरों का हित, मजदूरों को समर्पित'.

लोकमान्य नगर
हित दुसरा पाहतो, ताई. ते पैसे हक्काचे होते. 'हक' हा शब्द हिंदीतही आहेच.

रामबाग
हेच वाक्य ती निबंधात घेतेय. मथळा ठरला : 'जागतिकीकरण, व्यापाराची मुभा आणि मानवी हक्क'.