मताच्या आधी पगार

स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीचा इतिहास लाटांमध्ये मांडतात, आणि तिची पहिली लाट म्हणजे मताधिकाराचा लढा असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

१८४८ साली अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स इथे स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. तिच्यात बाकीचे ठराव एकमताने मंजूर झाले, अडलं ते नेमकं मताधिकारापाशी. ही मागणी केली तर लोक आपल्याला हसतील, अशी धास्ती खुद्द आयोजक बायकांपैकी काहींना होती. फ्रेडरिक डग्लस, म्हणजे गुलामगिरीतून सुटून आलेला माणूस, उभा राहून बोलला आणि तो ठराव कसाबसा पार पडला.

त्या काळी जास्त टोचणारा प्रश्न पैशांचा होता. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची. गिरणीत दिवसभर राबून मिळवलेली मजुरीसुद्धा! तो दारुडा असो, घर सोडून गेलेला असो, त्याने येऊन ती मागितली तर कायदा त्याच्याच बाजूने. १८७० च्या कायद्याने निदान स्वतःची कमाई तिच्या नावावर राहू लागली, आणि १८८२ मध्ये बाकीची मालमत्ताही. मत मिळालं १९१८ साली, तेही तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं.

आणि मत मिळालं म्हणजे बाकीचं आपोआप सुटलं असंही नाही. फ्रान्समध्ये बायका १९४५ पासून मतदान करत होत्या, पण विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरायची आणि स्वतःचं बँक खातं उघडायची मोकळीक १९६५ च्या कायद्याने दिली.

त्यामुळे आधी मताची लाट, मग बाकीच्या हक्कांची, ही ठरीव मांडणी मला तरी फार सोयीस्कर वाटते.