प्रतिसाद: खारींनी माळा पोखरलाय

वरच्या प्रतिसादात कुणीतरी माळ्यावरच्या खारी पळवायला तिखटाचं पाणी मारायचा उपाय सांगितलाय. आम्ही कोल्हापूरकर, घरात तिखटाला काय तोटा नाही, म्हणून तेही करून बघितलं. वळवाच्या एका सरीत सगळं धुऊन गेलं आणि खार परत वाशावर हजर!

मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, कौलारू. आधी एक खात्री करा: खडखड दिवसा होते की रात्री? खार दिवसा फिरते, रात्री झोपते. रात्री आवाज येत असेल तर ते बहुधा उंदीर, त्याचा इलाज वेगळा.

खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं थांबणार नाही. प्लॅस्टिकची जाळी तर तिला खाऊच वाटते. आम्ही वळचणीच्या फटींना अर्धा इंची लोखंडी वेल्डेड जाळी ठोकली आणि छपरावर आलेल्या पेरूच्या फांद्या छाटल्या. फरक पडला तो या दोनच गोष्टींनी. सोलरच्या पाइपवरचा फोम आणि वायरीही तिनं सोडल्या नव्हत्या. वायरी आता लोखंडी पाइपातून नेल्यात.

पण भोक बुजवायची घाई करू नका. काथ्या-कापसाचं घरटं दिसलं तर आत पिल्लं असू शकतात, आणि ती दोन-अडीच महिने आईवरच अवलंबून असतात. आमच्या सुताराला मी तेवढे दिवस थांबवलं. बडबडला, पण थांबला. चिकट पॅडचं मात्र नाव काढू नका, त्यावर चिमणीही अडकते.