सत्काराच्या फलकावर कोणता शब्द लिहावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, जुळे सोलापुरातल्या आमच्या मंडळातर्फे आजी-माजी सैनिकांचा सत्कार आहे. फलकाचा मसुदा आला तो 'सैनिक बांधवांचा सत्कार' असा, खाली मोठ्या अक्षरात 'सोलापूरचे वीरपुत्र'. सत्कारमूर्तींत लष्करी पोलीस दलातली एक मुलगीही आहे. २०२१ मध्ये त्या दलात महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली, २०२२ पासून एनडीएतही मुली आहेत. मग नुसते 'बांधव' का? 'महिला सैनिक' असं वेगळं लिहिणंही मला पटत नाही, तिची ड्यूटी काही वेगळी नाही. वरती 'सैनिकांचा सत्कार' पुरेसं वाटतं, पण 'वीरपुत्र'ऐवजी काय? फलक उद्या छापायला द्यायचाय. ज्यांच्या घरचं कुणी सैन्यात आहे त्यांनी जरूर सुचवा.