बंद केलेला ब्राउझर रात्री कोणाशी बोलतो?

रिटर्नवाली_कराड
नमस्कार. घराच्या पुढच्या खोलीतच माझं ऑफिस. मास्तर, डेअरीतले लोक, चार-दोन दुकानदार यांची आयकर रिटर्नं भरते. ब्रॉडबँडचा भरवसा नाही, म्हणून नेट एका जुन्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबी. गेल्या आठवड्यात दोनदा भर दुपारी डेटा संपला. कुठल्या प्रोग्रॅमने किती खाल्ला ते विंडोजच्या सेटिंगमध्ये दिसतं. परवा संध्याकाळी ब्राउझर फुली मारून बंद केला, आकडा वहीत लिहिला (धंद्याची सवय) आणि कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला. सकाळी ब्राउझरच्या नावावर ८४ एमबी जास्त!

८४ एमबीचं काही नाही हो. पण या डब्यात सव्वाशे लोकांचे पॅन, आधार, बँक खाती आहेत. कुलूप लावलेल्या दुकानातून रात्री कोण काय नेतंय, एवढंच मला कळायला हवंय. भाचा म्हणतो, "मावशी, सगळेच घेतात." हेच मी क्लायंटला सांगू का?

वायरवाला
आधी हे बघा, ८४ एमबी गेले की आले? सेटिंगमधला आकडा दोन्ही मिळून असतो. रिसोर्स मॉनिटर उघडा, तिथे नेटवर्कच्या टॅबमध्ये त्या वेळी किती जातंय आणि किती येतंय ते वेगवेगळं दिसतं. माझा अंदाज, बरंचसं आलेलंच निघेल: एक्स्टेन्शनचे (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचे) अपडेट, धोकादायक साइटच्या याद्या वगैरे. क्रोम किंवा एज असेल तर सेटिंगमध्ये 'सिस्टीम'खाली, ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंडमधली अ‍ॅप चालू ठेवायचं बटण असतं. ते बंद करा.

आता जातं काय. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले डग्लस लीथ यांनी २०२० साली सहा ब्राउझर तपासले होते: क्रोम, फायरफॉक्स, सफारी, ब्रेव्ह, एज आणि यांडेक्स. सगळ्यांत कमी बोलका निघाला ब्रेव्ह. एज आणि यांडेक्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेला ओळख क्रमांक पाठवत होते, म्हणजे ब्राउझर काढून पुन्हा टाकला तरी तुम्ही त्यांच्या लेखी तुम्हीच. ही तेव्हाची स्थिती, नंतर प्रत्येकाने बदल केलेत.

पण तुमच्या कामात मला जास्त भीती अ‍ॅड्रेस बारची. तिथे टाइप केलेली अक्षरं, सुचवण्या चालू असतील तर, एंटर दाबायच्या आधीच सर्च कंपनीकडे पोचतात. घाईत कुणाचा पॅन तिथे पेस्ट झाला असेल तर तोही. सर्चच्या सुचवण्या बंद करा, काही अडत नाही.

सातारी_कंदी
ताई, इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी विंडोत) काम करा. विषय संपला.

वायरवाला
संपत नाही. इन्कॉग्निटो हिस्टरी लपवतं ती त्याच कॉम्प्युटरवर बसणाऱ्यापासून. साइटवाल्यांना तुम्ही दिसताच. यावरूनच २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने कबूल केलं.

चष्मा_पुसून
ब्राउझरच्या मागे सगळे लागलेत. एक्स्टेन्शन किती आहेत ते सांगा ना! अ‍ॅव्हास्ट अँटीव्हायरस आठवतंय? लोकांनी संरक्षण म्हणून बसवलं आणि कोण कुठल्या साइटवर गेलं याच्या नोंदी त्यांच्याच जम्पशॉट कंपनीने शंभरावर गिऱ्हाइकांना विकल्या. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच असा.

दुसरं, स्पेलिंग तपासणी. क्रोममध्ये साधी आणि 'एन्हान्स्ड' असे दोन प्रकार आहेत. साधी तुमच्याच मशीनवर चालते. दुसरी मुद्दाम चालू करावी लागते, पण एकदा केली की फॉर्मच्या रकान्यात लिहिलेला मजकूर तपासायला गूगलच्या सर्व्हरकडे जातो.

रिटर्नवाली_कराड
बघितलं. पाच एक्स्टेन्शन निघाली. त्यातलं पीडीएफ जोडायचं भाच्याने दोन वर्षांपूर्वी बसवलेलं, आणि त्याची परवानगी वाचून हातातला चहा तसाच राहिला: सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. सगळ्या म्हणजे आयकराचं पोर्टलसुद्धा की! काढलं. बाकीची चारही काढली, एकाचंही नाव ओळखीचं नव्हतं.

स्पेलिंगचा दोष मात्र माझा. घोरपडे, जाधव, निंबाळकर, कुणाचंही नाव इंग्रजीत लिहिलं की खाली लाल रेघ. वैतागून जे दिसेल ते चालू केलं होतं. रेघा काही गेल्या नाहीत. आता साध्यावर आणलंय.

बॅकग्राउंडचं बटणही बंद केलं. काल रात्री पुन्हा वहीत आकडा लिहून झोपले. सकाळी जागचा हलला नव्हता. दोन वर्षांत त्या पीडीएफवाल्याने काय नेलं ते आता कसं कळणार? ते डोक्यातून जात नाही. मास्तरांना फोन करून सांगू का, की उगाच घाबरतील? आणि पीडीएफ जोडायला आता काय वापरू? नेटशिवाय चालणारं सांगा.

चष्मा_पुसून
नेलंच असं धरू नका, परवानगी होती एवढंच कळलंय. पण पोर्टलचे पासवर्ड तुमच्याकडे असतील त्यांना फोन करा आणि बदलून घ्या. घाबरले तर घाबरू देत.

वायरवाला
पीडीएफसॅम बेसिक. फुकट आहे, फाइल तुमच्या मशीनबाहेर जात नाही. त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. आणि यावेळी भाच्याला बसवू देऊ नका.